दुपारी साडेतीनचा उजेड : घरात अडकल्यावर घरच्यांचे फोटो

गवतीचहा | ८ जुलै

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या आई, म्हणजे सासूबाई, वय ८२, न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आठ दिवसांनी घरी आणलं. तेव्हापासून मी घरातच आहे. शाळेतून बिनपगारी रजा घेतलीय. नवरा सकाळी सातच्या लोकलला जातो तो रात्री साडेआठला घरी. मुलगा दहावीत, त्याची शाळा आणि क्लास. दिवसभर घरात आम्ही दोघीच, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, आणि बाहेर पाऊस.

कामाचं काही वाटत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, औषधं, पायाचे व्यायाम, पेज, कपडे. त्रास व्हायचा तो मधल्या वेळांचा. अर्धा तास मोकळा मिळतो, पण झोप येत नाही, पुस्तकात लक्ष लागत नाही, कान सगळा त्यांच्या खोलीकडे. डोक्यात एकच चरक चालू. परत पडल्या तर? रजा संपली तर? रात्री तीनला जाग यायची ती उजाडेपर्यंत. फोन उघडला की तास कुठे गेला कळायचं नाही आणि डोकं आणखी जड.

२४ जूनला दुपारी आई म्हणाल्या, "कापूस दे गं थोडा. श्रावणाच्या वाती करून ठेवते, हात तरी चालू राहतील." पाठीशी दोन उश्या लावून त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं. वाटीत दोन चमचे दूध दिलं. त्या फुलवाती करायला लागल्या. आधी पुंजक्यातली सरकीची टरफलं नखानं वेचायची. मग कापूस ओढून ओढून त्याचा पातळ पापुद्रा करायचा, तो मधोमध चिमटीत धरायचा, बोटं दुधात जेमतेम टेकवायची आणि वर टोक काढून पीळ द्यायचा. खाली गोल बूड, वर टोक. एका वातीला मिनिटही लागत नव्हतं.

पाऊस थांबलेला होता. पश्चिमेच्या खिडकीतून मऊ, राखाडी उजेड त्यांच्या हातांवर पडला होता. कापसाचे तंतू बोटांच्या आजूबाजूला उभे राहून चमकत होते. उजव्या अंगठ्यावर विळीनं कापल्याची जुनी खूण आहे. एकोणीस वर्षं मी त्या हातांचं वाढलेलं जेवतेय, ती खूण मला त्या दिवशी दिसली.

फोन हातात होताच. फोटो काढला, चेहरा न घेता फक्त हातांचा. काढायच्या आधी दोनेक मिनिटं मी नुसती बघत उभी होते, कुठून घेऊ, वाटी आत येऊ दे का, टोक पिळतानाचा क्षण पकडू का. त्या दोन मिनिटांत मला ना औषधं आठवली ना रजा. हे लक्षात आलं तेव्हा फोटो काढून झाला होता.

दुसऱ्या दिवशी परत साडेतीनला गेले. आता चौदा दिवस झाले. रोज तीच खिडकी, तीच वेळ. दिवसाचा एकच फोटो ठेवते, बाकीचे लगेच काढून टाकते, आणि त्या दिवशी तो कुणालाही पाठवत नाही. पाठवला की "वा, छान" येतं आणि मग माझं लक्ष त्या "वा, छान"कडे जातं.

झोप अजून पूर्ण आलेली नाही. पण तीनला जाग आली की आता मी उद्याचा फोटो मनात मांडत बसते, आणि त्यात कधीतरी डोळा लागतो.

कुणी असं केलंय का? आजारपणात, बाळंतपणात, लॉकडाऊनमध्ये? आणि पावसाळी अंधारात फोटो बरे यायला काय करू, तेही सांगा.

चिंचपेटी | ८ जुलै

ताई, वाचता वाचता माझ्या आईचे हात आठवले आणि लक्षात आलं, आमच्याकडे तिच्या हातांचा एकही फोटो नाही. लग्नातले, सत्यनारायणाचे, सहलीचे, सगळे चेहरे समोर बघून हसणारे. धाग्याबद्दल खूप आभार.

जुनारोल | ९ जुलै

गवतीचहाताई, पावसाळी अंधार हा अंधार नसतो. ढगाळ आकाश म्हणजे डोक्यावर ताणलेला एक प्रचंड पांढरा पडदा. ऊन त्यातून गाळून येतं, म्हणून सावल्या मऊ पडतात आणि म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कोरल्यासारख्या न दिसता ओघळल्यासारख्या दिसतात. एप्रिलच्या दुपारी हे जमणार नाही.

चार गोष्टी करून बघा. खोलीतली ट्यूब आणि बल्ब बंद करा. खिडकीचा उजेड आणि बल्बचा उजेड यांचे रंग वेगळे असतात, दोन्ही एकत्र आले की एक गाल निळसर आणि एक पिवळट होतो. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, काही दिवे तिच्यासोबत लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे येतात.

दुसरं, माणसाला खिडकीच्या जवळ आणा, अगदी हातभर अंतरावर, आणि उजेड बाजूनं येऊ द्या. खिडकीपासून दूर गेलं की उजेड झपाट्यानं कमी होतो, त्यामुळे मागची कपाटं, गोळ्यांचे डबे, वॉकर आपोआप काळोखात जातात. पसारा आवरायची गरज राहत नाही. हे घरात अडकलेल्या माणसासाठी मोठं सुख आहे.

तिसरं, स्क्रीनवर जिथे नेमकं बघायचंय तिथे, म्हणजे बोटांवर, टिचकी मारा. शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते बोटानं थोडं खाली ओढा. फोन स्वतःच्या मतानं सगळं उजळवतो आणि पांढरा कापूस चुन्यासारखा सपाट होतो. थोडं अंधारलं की तंतू दिसायला लागतील.

आणि चिमटीनं झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. फोनची काच पदरानं नव्हे, चष्म्याच्या फडक्यानं पुसा. स्वयंपाकघरातून येणाऱ्या बोटांचं तेल आणि कणीक काचेवर बसते आणि मग सगळ्या फोटोंत धुकं दिसतं.

दिवसाला एकच फोटो ठेवायचा हे मला फार पटलं. माझ्या वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. १२० चा रोल, त्यात बारा फोटो. ते बारा दिवाळीपासून रामनवमीपर्यंत पुरवायचे. बटण दाबण्याआधी वडील इतका वेळ आमच्याकडे बघत राहायचे की आम्ही भावंडं अवघडून जायचो. आज मला त्या फोटोंपेक्षा ते बघणं जास्त आठवतं.

ओसरी | ९ जुलै

माझा लॉकडाऊनचा अनुभव लिहितो, थोडा लांब आहे.

मार्च २०२०. कोथरूडला वन बीएचके. मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि माझे वडील. वडील कऱ्हाडकडून डोळे तपासायला चार दिवसांसाठी आले होते, अडीच महिने राहिले. २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला, २४ ला रात्री आठला देशभर बंदची घोषणा झाली आणि २५ ला गुढीपाडवा. साखरेच्या गाठी कुठेच मिळाल्या नाहीत. मुलीनं कागदाच्या गाठी कापून दोऱ्यात ओवल्या. पडद्याच्या रॉडला बायकोचा शालू, त्यावर स्टीलचा तांब्या. मी फोटो काढला. तो पहिला.

एप्रिलमध्ये आमचा पगार निम्म्यावर आला. सतरा वेळा बातम्या, सतरा वेळा आकडे. वडील उसाच्या पाण्यासाठी गड्याला दिवसातून सहा फोन करायचे. पेपर घरी येणं बंद झालं होतं, ते रद्दीतले जुने पेपर काढून परत वाचायचे. मी घरातून काम करायचो, म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभा राहायचो.

वडील रोज सहाच्या सुमारास गॅलरीत जाऊन आभाळ बघायचे. शेतकऱ्याची सवय. मी आतून त्यांच्या पाठीचा फोटो काढायला लागलो. रोज तोच कठडा, तीच बंडी, वेगळं आभाळ. काही हेतू नव्हता. दिवसात एक गोष्ट माझ्या हातात आहे असं वाटायचं, एवढंच.

मे महिन्यात एका रात्री हे सगळे फोटो एका ओळीत बघितले. पहिल्या आठवड्यात वडिलांचे हात पाठीमागे बांधलेले. नंतर नंतर दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला आणि खांदे कानांकडे ओढलेले. मी रोज बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि विचारलं. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता होता, माझा पगार कापलाय म्हणून मला सांगत नव्हते. आम्ही बसून हिशोब केला, बायकोनं वाट काढली. पुढे पोलिसांचा ई-पास मिळाला आणि जूनच्या सुरुवातीला मी त्यांना गावी सोडून आलो.

मला फोटोनं शांत वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त, शेजारच्या खोलीतल्या माणसाचं काय चाललंय ते कळलं, आणि कळल्यावर शांत वाटलं. ताई, तुमचे चौदा फोटो एकदा ओळीनं लावून बघा.

सरळसांगते | १० जुलै

सगळ्यांचं छान चाललंय, पण मला एक टोचतंय ते बोलते.

माझे वडील शेवटचे चार महिने अंथरुणावर होते. आयुष्यभर कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. एक नातेवाईक भेटायला आले आणि नाकात नळी असलेला त्यांचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले. बाबांना कुणीतरी फोनवर म्हणालं, "फोटो बघितला, फार उतरलात हो." बाबा त्यानंतर कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी हे विसरू शकत नाही.

ज्याला उठून जाता येत नाही त्याचा फोटो काढणं म्हणजे काय, याचा विचार व्हावा. आपल्याला शांत वाटतं म्हणून आपण त्याच्याकडून काय घेतोय? ताई, तुमच्या सासूबाईंना विचारलंत का?

गवतीचहा | १० जुलै

सरळसांगते, तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत. बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

खरं सांगते, पहिल्या दिवशी विचारलं नव्हतं. हातांचाच तर आहे, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी आईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "काय काढतेस? बघू." दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "माझे हात माझ्या आईसारखे झाले की गं."

मग त्यांनीच अटी घातल्या. वेणी घातल्याशिवाय काढायचा नाही. गाऊनवर असताना काढायचा नाही, निदान वरून पदर हवा. वॉकर दिसता कामा नये. आणि रोज त्यांना दाखवायचा, नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर काढून टाकायचा. आत्तापर्यंत तीन काढून टाकले. त्यातला एक मला फार आवडला होता, त्या डोळे मिटून बसल्या होत्या. "मेल्यासारखी दिसतेय," म्हणाल्या. गेला तो.

रोज साडेतीनच्या आधी त्या मला वेणी घालायला बोलावतात. आधी आठ-आठ दिवस केसांना हात लावू द्यायच्या नाहीत, दुखतं म्हणून.

ओसरी, फोटो ओळीनं लावले. आईंचं काही वेगळं दिसलं नाही. खिडकीतल्या गवती चहाची पानं मात्र वीतभर वाढलेली दिसली.

सरळसांगते | १० जुलै

वॉकर दिसता कामा नये. अगदी माझे बाबा. त्यांनाही कुणी असं दाखवून विचारलं असतं तर! आता माझी हरकत नाही ताई. काढत राहा.

पाटीपेन्सिल | ११ जुलै

माझी शंका फोनबद्दल आहे. ज्या यंत्रानं आपलं डोकं भणभणतं त्याच यंत्रानं ते शांत कसं होणार? शिवाय फोटो काढला की मन म्हणतं, झालं, साठवलं, आता बघायला नको. यावर अभ्यासही झालाय. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठातल्या लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेलं. काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले. २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे लोकांना कमी आठवले.

पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग प्रामाणिकपणे सांगायला हवा. ज्यांना वस्तूच्या एखाद्याच भागाचा जवळून फोटो काढायला सांगितलं, त्यांच्या आठवणीला असा धक्का बसला नाही. फोटोत न आलेला भागसुद्धा त्यांना नीट आठवला. म्हणजे ताईंनी खोलीभर फोन फिरवला असता तर काही उरलं नसतं, अंगठ्यावरच्या खुणेशी थांबल्या म्हणून उरलं.

तेव्हा माझी एकच सूचना. साडेतीनला फोन विमान मोडवर टाका. फोटो काढताना वरून निरोपाची पट्टी घसरत आली की संपलं सगळं.

उत्तररात्र | १२ जुलै

मिनियापोलिसहून लिहितेय. गेल्या हिवाळ्यात बाळ सात आठवड्यांचं होतं. आई नाशिकला परत गेली, नवऱ्याची सुट्टी संपली, बाहेर उणे वीस. डिसेंबरमध्ये इथे पावणेआठला उजाडतं आणि साडेचारला सूर्य मावळतो. मी दिवसचे दिवस दार उघडलं नाही.

आधी महत्त्वाचं सांगते. मला नुसता कंटाळा नव्हता, बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं दिली तेव्हा ते कळलं. औषध आणि समुपदेशन, दोन्ही घेतलं, त्यानं बरी झाले. इथे कुणी आई वाचत असेल आणि सारखं रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर फोटोआधी डॉक्टरांकडे जा.

फोटोचं काम वेगळं होतं. सगळे दिवस एकसारखे चिकटलेले असायचे, सोमवार की गुरुवार कळायचं नाही. इथे बर्फ पडला की उजेड खालून येतो. जमिनीवरचं बर्फ आभाळाचा उजेड वर फेकतं, घराचं छत उजळतं, आणि बाळाच्या हनुवटीखाली, तळपायाला, जिथे एरवी सावली असते तिथे उजेड असतो. मी अकरा वाजता त्याला खिडकीपाशी दुपट्यावर ठेवायची आणि तळपायांचा फोटो काढायची. पहिल्या फोटोत टाचेवर रक्ततपासणीच्या सुईचा ठिपका आहे. मग तो जातो. मग बोटं उघडायला लागतात. एका फोटोत तो आपलाच पाय धरून बघतोय.

दिवस पुढे सरकतायत याचा तो पुरावा होता. मला तेव्हा पुरावाच लागत होता, कुणी "जाईल हेही" म्हटलेलं ऐकू येत नव्हतं.

दोनलेकरं | १२ जुलै

माझ्या धाकट्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, वय नऊ, सहा आठवडे. चिडचिड करून घर डोक्यावर घेतलं होतं. मी जुना फोन त्याला दिला, सिम काढून, गेम काढून, फक्त कॅमेरा. त्यानं पलंगावरून दिसेल ते सगळं काढलं. पंख्याची पाती. टेबलाच्या खालची बाजू, तिथे त्याच्या दादानं तिसरीत असताना पेनानं लिहिलेलं स्वतःचं नाव निघालं! आजी वाकून दूध देताना. दारात उभी मी, कमरेवर हात. त्या फोटोत मी किती उंच दिसतेय आणि किती रागावलेली. त्यानंतर मी खोलीत गेले की आधी पलंगावर बसायचे, मग बोलायचे.

सत्तरीपार | १४ जुलै

सर्वांना नमस्कार. वय ७४. गुडघा बदलला आहे, घरातच असतो. पत्नी मागच्या वर्षी गेली. मुलगी बंगळुरूला. सकाळी एक बाई येऊन पोळीभाजी करून जातात. आपण सर्व घरातल्या माणसांचे फोटो म्हणता. माझ्या घरात माणूस नाही. मी कुणाचा फोटो काढावा?

जुनारोल | १४ जुलै

नमस्कार काका. तुमचा प्रश्न वाचून दिवसभर अस्वस्थ होतो. दोन छायाचित्रकारांबद्दल सांगतो, दोघांनाही हाच प्रश्न पडला असणार.

एक प्रागचे योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, तरी मोठा कॅमेरा वापरून काम करत. शहरावर जर्मनांचा ताबा असताना, १९४० पासून, ते आपल्या छोट्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला लागले. काचेवर साचलेली वाफ, दंव, पावसाचे ओघळ, पलीकडे अंगणातलं एक वाकडं सफरचंदाचं झाड, खिडकीत कधी पेला तर कधी एखादं फूल. युद्ध संपलं तरी थांबले नाहीत, १९५४ पर्यंत तीच खिडकी.

दुसरे आंद्रे कर्तेश. पत्नी एलिझाबेथ १९७७ मध्ये गेली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या घरी त्यांनी हातात मावणारा पोलरॉइड कॅमेरा घेतला. एका दुकानात त्यांना काचेचा एक अर्धपुतळा दिसला, मान आणि खांदा. त्यांना त्यात पत्नी दिसली. तो आणून खिडकीत ठेवला आणि दिवसाच्या वेगवेगळ्या उजेडात त्याचे फोटो काढत राहिले. बाहेरच्या इमारती आणि आभाळ त्या काचेत उलटं होऊन उतरायचं.

काका, घरात काकूंच्या हातची एखादी वस्तू असेल. सकाळी तिच्यावर कुठून उजेड येतो ते फक्त बघा. फोटो काढलाच पाहिजे असं नाही.

सत्तरीपार | १९ जुलै

जुनारोल, आपण सांगितल्याप्रमाणे बघितले. स्वयंपाकघरात फळीवर तिच्या बरण्या आहेत. प्रत्येकीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून तिने पेनाने लिहिलेले आहे. मेतकूट. भाजणी, आणि खाली उपवास. कोकम, खाली रेघ मारून मीठ कमी. एकूण अकरा बरण्या. सकाळी साडेसातला पूर्वेच्या झरोक्यातून त्यांच्यावर ऊन येते, आठला जाते. रोज एका बरणीचा काढतो. आज पाचवी झाली. तिचा 'भ' जुन्या वळणाचा आहे, हे इतकी वर्षे पाहिले नव्हते. मुलीला दोन पाठवले. ती फोनवर काही बोलली नाही, पण रविवारी येते म्हणाली.

चिंचपेटी | १९ जुलै

काका, अकरा झाल्या की परत पहिलीपासून सुरू करा. उन्हाची जागा तोवर सरकलेली असेल.

ओसरी | २१ जुलै

एक कामाचा प्रश्न. हे फोटो टिकवायचे कसे? माझे २०२० चे काही फोटो फोन बदलताना गेले, आणि व्हॉट्सॲपवर बायकोला पाठवलेले तेवढे उरले, तेही फाटके-फाटके दिसतात.

जुनारोल | २१ जुलै

व्हॉट्सॲप फोटो आकसून पाठवतं, म्हणून ते असे दिसतात. मूळ हवा असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आंतरजालावरच्या फुकट साठ्यावर सगळी भिस्त ठेवू नका. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हा अनेकांची धांदल उडाली होती. एक प्रत संगणकावर आणि एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एवढं पुरतं.

आणि छापा. महिन्यातून बारा निवडा, चार बाय सहाचे, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर म्हाताऱ्या माणसांना दिव्याचं प्रतिबिंब दिसतं, फोटो दिसत नाही. मागे मऊ पेन्सिलीनं तारीख लिहा, बॉलपेननं नको, त्याची खूण पुढून उमटते. तारखेसोबत एक ओळ लिहा, त्या वेळी कोण काय बोललं ती. आमच्या घरच्या जुन्या फोटोंमागे कुणीच काही लिहिलेलं नाही. एका फोटोत आजीच्या मांडीवर एक बाळ आहे, ते कोण हे सांगणारं आता घरात कुणी उरलं नाही.

गवतीचहा | ९ ऑगस्ट

मंडळी, धाग्यावर यायला उशीर झाला. आई आता वॉकर घेऊन खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत येतात. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येतात. माझी रजा ३१ ला संपतेय आणि दिवसाची एक मावशी मिळाली आहे, शेजारच्या बिल्डिंगमधल्या. तिला सगळं दाखवून देतेय. रात्रीची झोप बरीच सुधारली आहे, तीनला जाग आली तरी पंधरा मिनिटांत परत लागते.

जुनारोल, ट्यूब बंद करून काढलेल्या फोटोंत फरक जमीन-अस्मानाचा आहे. मागचं औषधांचं कपाट खरंच दिसेनासं होतं. पाटीपेन्सिल, विमान मोडचं ऐकलं, ते कायमचं केलंय. त्या अर्ध्या तासात नवऱ्याला फोन लागत नाही, त्याला आता सवय झाली आहे.

बारा फोटो छापून आणले. आईंसमोर गादीवर पत्त्यांसारखे मांडले. मला वाटलं होतं त्या वेणी घालून हसताना आहेत तो उचलतील. तो बाजूला सारला. कापूस पिंजतानाचा पहिला, २४ जूनचा, उचलला आणि म्हणाल्या, "हा रत्नागिरीला पाठव, माईला." माई म्हणजे त्यांच्या मोठ्या बहीण, वय ८७, दोघींची भेट होऊन पाच वर्षं झाली. मी मागे पेन्सिलीनं तारीख घातली आणि त्यांना विचारलं, खाली काय लिहू. म्हणाल्या, "लिही, श्रावणाच्या वाती. पाय बरा आहे."

पाकीट पोस्टानं गेलं. काल माईंचा फोन आला. मी स्पीकरवर लावून दिला. बराच वेळ कोण गेलं, कुणाकडे काय झालं हे चाललं. मग माई म्हणाल्या, फोटो पोचला, भिंग लावून बघितला, "वाती जाड झाल्यात गं तुझ्या. आई असती तर सगळ्या उसवून परत करायला लावल्या असत्या."

आज दुपारी साडेतीनला गेले तर आईंनी वेणी आधीच सैलसर का होईना स्वतःच घातली होती. कापूस मांडीवर, दुधाची वाटी खिडकीत. पापुद्रा इतका पातळ ओढला होता की पलीकडून बोटं दिसत होती. मला म्हणाल्या, जवळ ये, अजून जवळ, आणि ही बारीक आलेली तेवढी काढ, बाकीच्या नकोत. सात फोटो काढले, पाच त्यांनी काढून टाकायला लावले. उरलेल्या दोघांतला कुठला पाठवायचा ते उद्याच्या उजेडात ठरवू म्हणाल्या.